चादरींची मोजणी

परवा माझ्या नातीच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं आणि त्याने तिला कळवलं, की तिला ताण आला आहे. नात तेव्हा सोफ्यावर पाय पसरून बिस्किटं खात होती. घड्याळाचं वाचून तिने ताबडतोब तोंड पाडलं.

"अगं, ते सांगेपर्यंत तुला ठाऊक नव्हतं?" मी विचारलं.

"आजी, ते मोजून सांगतं. तुमच्या वेळी ताण कशाने मोजायचे?"

"चादरींनी," मी म्हटलं.

नातीने आईकडे बघितलं. आईने, म्हणजे माझ्या सुनेने, भुवया उंचावल्या. आजीचा एक स्क्रू ढिला झाला, असा त्या भुवयांचा अर्थ होता. स्क्रू सगळे जागेवर आहेत हे कळावं, म्हणून लिहिते.

मी तेव्हा इस्पितळाच्या अपघात विभागात मुख्य सिस्टर होते. विभाग तळमजल्यावर. रुग्णवाहिका थेट दारापर्यंत यायची, आणि दारातून आत आलं की डाव्या हाताला एक खोली होती, चादरींची. खोली म्हणजे काय, माणूस आत शिरला की दार लावायला त्याला पोट आत घ्यावं लागे. खिडकी नाही. भिंतींना फळ्या, फळ्यांवर चादरी आणि ब्लँकेटं, वर एक मिणमिणता दिवा. आत धुतलेल्या कापडाचा आणि इस्त्रीचा वास यायचा. साऱ्या विभागात औषधांचा वास नसलेली तेवढीच एक जागा.

आमच्याकडे कुणाला रडू आलं, की तो म्हणायचा, "चादरी मोजून येतो."

हे कुणी सुरू केलं, ते मला सांगता यायचं नाही. मी नोकरीला लागले तेव्हाही लोक चादरीच मोजत होते. आत जायचं, दार ओढून घ्यायचं, ब्लँकेटांच्या ढिगात तोंड खुपसायचं आणि काय ते मोजून घ्यायचं. बाहेर आल्यावर कुणी डोळ्यांकडे बघायचं नाही. फक्त विचारायचं, "भरल्या?" आणि आलेल्याने म्हणायचं, "भरल्या." मग त्याच्या हातात चहाचा पेला द्यायचा आणि पुढचं काम सांगायचं. 'रडणं' हा शब्द आमच्या विभागात फक्त रुग्णांच्या नातेवाइकांसाठी वापरला जायचा.

वरच्या मजल्यावरच्या भांडारातल्या बाई मात्र हैराण होत्या. "तुमच्याइतक्या चादरी अख्ख्या इस्पितळात कुणी मोजत नाही," त्या मला म्हणायच्या, "आणि तुमच्याइतक्या कुणाच्या कमी पडत नाहीत. आणि वरची ब्लँकेटं दमट कशी हो लागतात?"

"ओल येते भिंतींना," मी सांगायची.

या खोलीवर मोठ्या साहेबांचा डोळा होता. मोठे साहेब म्हणजे इस्पितळाचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना माशांचं वेड होतं. काचेची मोठी टाकी आणायची, त्यात रंगीत मासे सोडायचे आणि चादरींच्या खोलीची भिंत पाडून तिथे पाहुण्यांना बसायला जागा करायची, असा त्यांचा बेत होता.

"चादरी काय, कुठेही ठेवता येतात," ते फेरीला आले की म्हणायचे. "मासे बघितले ना सिस्टर, की माणूस कसा शांत होतो!"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अपघात विभागात सगळं बोललेलं चालतं, शिव्यासुद्धा चालतात, पण 'शांत' हा शब्द चालत नाही. तो उच्चारला की अर्ध्या तासात विभाग भरतो. हसू नका. मी विज्ञान शिकलेली बाई आहे, आणि मी तुम्हाला सांगते, भरतो. म्हणून काम कमी असलं की आम्ही म्हणायचो, "आज हवा पडलीये." चुकून कुणाच्या तोंडून तो शब्द गेलाच, तर त्याने दाराबाहेर जायचं, परत आत यायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "बाप रे, केवढी गर्दी!" हा त्यावरचा उतारा. साहेब फेरीत तो शब्द उठता बसता वापरत आणि उतारा न करता निघून जात. निस्तरायचं आम्ही.

तर अशात एक दिवस मोजणीबाई आल्या. बाई कसल्या, पोरगीच. मोठा चष्मा, खांद्याला पिशवी. वरून हुकूम निघाला होता, की इस्पितळांत काम करणाऱ्यांच्या मनावर किती आघात झालाय, ते मोजायचं.

आमचे ढकलमामा दारातच होते. सगळी आयुष्यभराची नोकरी स्ट्रेचर ढकलण्यात गेली, म्हणून ढकलमामा. त्यांनी विचारलं, "कसली मोजणी म्हणता? जमिनीची?"

"नाही हो, मनाची."

"मग हद्दीचे दगड कुठे रोवणार?"

पोरगी हसली नाही. तिने वहीत काहीतरी लिहिलं. मग तिला लांबून मोठे साहेब दिसले आणि तिने हाक मारली, "मामा!"

"काय?" ढकलमामा म्हणाले.

"तुम्ही नाही. ते माझे मामा."

"मग मी कुणाचा?"

अशी ती साहेबांची सख्खी भाची निघाली. पुढचे तीन दिवस ती 'मामा' म्हणाली, की कधी स्ट्रेचर यायचं, कधी साहेब.

पोरगी सरळ होती, तिने पहिल्याच दिवशी सगळं उघड सांगितलं. ती प्रश्न विचारणार. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण. 'कधीच नाही'ला शून्य, 'सतत'ला चार. विभागाची सरासरी तिने आखलेल्या रेघेच्या वर गेली, तर नियमाप्रमाणे विभागाला टेकायला एक हक्काची खोली द्यावीच लागणार, आणि ती चादरींचीच देता येईल. रेघेच्या खाली राहिली, तर मामांचे मासे येणार.

"मामांनी टाकीचं माप पण घेतलंय," ती म्हणाली. "तेव्हा खरं खरं सांगा."

मला वाटलं, चला, सोपं झालं. पण आमची माणसं मला ठाऊक असूनही मी विसरले. सिस्टरला विचारा, कशा आहात. ती एकशे तीन तापात उभी असेल आणि म्हणेल, "मला काय धाड भरलीये?"

पहिली धाकटी बसली. विभागातली सगळ्यांत नवी सिस्टर म्हणून धाकटी.

"गेल्या महिन्यात झोप नीट लागली?" मोजणीबाईने विचारलं.

"लागते की. उभ्या उभ्यासुद्धा लागते."

"वाईट स्वप्नं पडतात?"

"छे हो. स्वप्नं पडायच्या आत उठवतात."

"अचानक दचकता?"

"नाही. दचकायचं कशाला, आवाज ठाऊकच असतात."

"रडू आलं कधी?"

"मला?" धाकटीला तो अपमान वाटला. "कधीच नाही."

शून्य, शून्य, शून्य, शून्य.

मग आमचे डॉक्टर. ते इतके जांभया द्यायचे, की रुग्णही त्यांना बघून जांभया देत. 'थकवा वाटतो का' या प्रश्नाला त्यांनी एवढी मोठी जांभई दिली, की मोजणीबाईला त्यांची अक्कलदाढ दिसली. जांभई मिटवून ते म्हणाले, "विशेष नाही."

ढकलमामांना विचारलं, की कामावर आल्यावर भीती वाटते का. ते म्हणाले, "स्ट्रेचरचं डावं चाक निसटतं, त्याची वाटते."

"चाकाची नको. मनाची."

"मनाला चाक नाही बाई."

माझी पाळी आली. मी सगळ्या प्रश्नांना काय म्हटलं असेल? "सवय झाली." आता 'सवय झाली'ला किती गुण द्यायचे, यावर ती पोरगी बराच वेळ पेन्सिल चावत बसली.

दुसऱ्या दिवशी तिने मला बाजूला घेतलं. "सिस्टर, तुमच्या विभागाची सरासरी इस्पितळाच्या बागेपेक्षा कमी आलीये. बागेत एकच माळी आहे आणि त्याला गुलाबांवरच्या किडीचं टेन्शन आहे. तुम्हाला कशाचंच नाही?"

मी सगळ्यांना गोळा करून झापलं. "खोली जाईल! तोंडाला काय कुलूप लावलंय? काय होतं ते सांगा ना तिला."

"सिस्टर, मला खरंच काही होत नाही," धाकटी म्हणाली. "म्हणजे होतं, पण चादरी मोजल्या की जातं."

"मग तेच सांग."

"चादरींचं कसं सांगायचं? ते आतलं आहे. आणि ती साहेबांची भाची."

ढकलमामा मान खाली घालून स्ट्रेचरचं डावं चाक आवळत बसले. त्या आठवड्यात एक वाईट केस होऊन गेली होती. ती मी इथे सांगत नाही, कुठेच सांगितली नाही. एवढंच, की ते स्ट्रेचर मामांनी ढकललं होतं, आणि तेव्हापासून रोज ते चादरी मोजायला जात होते. एरवी ते विभागातले सगळ्यांत बडबडे. त्यांना आत जायला दार उरलं नाही तर ते कुठे जातील, हे माझ्या डोक्यातून जाईना. मासे बघत मोजता येत नाही. मासे सारखे हलतात.

तिसऱ्या दिवशी, शेवटच्या, मोजणीबाईने नवा प्रश्न काढला. सकाळची वेळ, हवा पडलेली. तिने विभागाच्या मधोमध उभं राहून खणखणीत आवाजात विचारलं, "गेल्या महिन्यात तुम्हाला किती वेळा शांत वाटलं?"

ढकलमामांच्या हातातलं भांडं पडलं. धाकटीने दोन्ही कान झाकले. डॉक्टरांची जांभई अर्ध्यातच राहिली; ते मी पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं.

"बाहेर जा," मी म्हटलं. "आत या आणि म्हणा, बाप रे, केवढी गर्दी."

"का? गर्दी कुठाय? किती शांत..."

"अगं बाई, दुसऱ्यांदा म्हणाली!" धाकटी किंचाळली.

"सिस्टर, ही अंधश्रद्धा आहे."

"असू दे. तू बाहेर जा."

ती चष्मा सावरत आपल्या शिक्षणाचा मान राखून उभी राहिली. आणि फोन वाजला.

गावाबाहेरच्या सभागृहात एक मौन शिबिर चाललं होतं. आठ दिवस कुणाशी एक शब्द बोलायचा नाही, असं ते शिबिर. सगळ्यांचा मिळून फोटो काढायचा म्हणून मंडळी एका लाकडी मंचावर चढली आणि मंच बसला. कुणाच्या जिवावर बेतलं नव्हतं, पण मुरगळलेले पाय, सुजलेले गुडघे, एकदोन मोडलेली मनगटं, असे तीनेक डझन लोक घेऊन रुग्णवाहिका येऊ लागल्या.

सगळे मौनात.

माझ्या उभ्या जन्मात असा गोंधळ मी बघितला नाही, आणि तो सुद्धा आवाज न करता. एरवी आमच्याकडे जो जास्त ओरडतो त्याला आधी बघायचं नाही, जो ओरडतच नाही त्याच्याकडे आधी धावायचं, असा नियम. इथे एकही ओरडेना. मग धावायचं कुणाकडे? आम्ही सगळ्यांकडे धावलो.

"कुठे दुखतंय?" डॉक्टरांनी एका गृहस्थांना विचारलं. त्यांनी वर बोट दाखवलं. डॉक्टरांनी छताकडे बघितलं. गृहस्थांनी हात जोडले आणि परत वर बोट दाखवलं. ते देवाचं नाव घेत होते की डोकं दाखवत होते, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

"अहो आजी, मौन सोडा की," धाकटी एका बाईंना विनवत होती. "कुणाला सांगणार नाही मी." आजींनी ओठ घट्ट मिटले आणि ठामपणे मान हलवली. आठवा दिवस होता म्हणे. एवढं पुण्य काठाला आलेलं कोण बुडवेल?

शिबिराचे प्रमुख तेवढे बोलायला मोकळे होते, पण पडताना नेमकी त्यांची जीभ चावली गेली होती. ते म्हणाले, "फव, फव, फव." ढकलमामांनी त्यांना फळं आणून दिली. त्यांना 'सर्व, सर्व' म्हणायचं होतं की काय, देव जाणे.

तेव्हा मोजणीबाई पिशवी टाकून पुढे झाली आणि खुर्चीवर चढली.

"इकडे बघा!" ती ओरडली. "दुखत नसेल तर मूठ. थोडं दुखत असेल तर एक बोट. असह्य असेल तर चार. हात वर!"

आणि हात वर झाले. मुठी, एक बोट, दोन बोटं, आणि मधेच कुठे कुठे चार. क्षणात अख्खा विभाग वाचता आला. आम्ही आधी चारवाल्यांकडे गेलो. धाकटी मौन सोडा म्हणून विनवत होती त्या आजी, ज्या तोवर हसऱ्या चेहऱ्याने बसल्या होत्या, त्यांनी चार बोटं उभारली होती. कंबरेचं हाड मोडलं होतं. चेहऱ्यावर काही म्हणता काही नव्हतं.

पोरगी मग आमच्यातलीच झाली. पट्ट्या धर, पाणी आण, याला धर, त्याला बसव. दुपार झाली, गर्दी ओसरली. मी तिला म्हटलं, "आजींना थंडी वाजतेय. जा, चादरींच्या खोलीतून एक आण."

ढकलमामा मगाशीच तिकडे गेले होते, हे माझ्या ध्यानातून गेलं. खरंच गेलं.

तिने दार उघडलं तेव्हा मामा तिच्याकडे पाठ करून, फळीवर कपाळ टेकून उभे होते. दाराचा आवाज होताच ते घाईघाईने मोठ्याने म्हणाले, "सत्तावन्न... अठ्ठावन्न..."

फळीवर चादरी चार उरल्या होत्या. बाकी सगळ्या बाहेर रुग्णांच्या अंगावर होत्या.

पोरीने दारातूनच हात आत घातला. तिने त्यांच्या कोपराजवळून एक चादर अलगद ओढून घेतली, दार लावलं आणि आजींच्या अंगावर ती घातली. मग बराच वेळ ती चादर नीट करत बसली. नीट झाली होती तरी.

पाळी संपायच्या वेळेला तिने आम्हाला सगळ्यांना भिंतीशी बसवलं. आम्ही जमिनीवरच बसलो, खुर्च्यांवर मौनातली मंडळी होती. ढकलमामाही येऊन टेकले.

"आता तुमचंही मौन," ती म्हणाली. "तोंड कुणी उघडायचं नाही. तुमची तोंडं खोटारडी आहेत, ती मी तीन दिवस ऐकली. एकच प्रश्न. बोटं दाखवा." तिने चष्मा काढून पुसला. "या महिन्यात चादरी किती मोजल्या?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मुख्य सिस्टर. माझ्या हाताखालच्या माणसांनी मला कधी चादरी मोजताना पाहिलं नव्हतं. मी पाळी बदलताना मोजायची, सगळे कपडे बदलायला गेले की. मी डोळे मिटले आणि हात वर केला. चार.

डोळे उघडले तेव्हा धाकटीची चार होती. ढकलमामांनी एका हाताची चार दाखवली, विचार केला आणि दुसरा हातही वर केला. आणि त्यांच्या पलीकडे डॉक्टर, चार बोटं वर करून जांभई देत होते.

माझ्याने राहवेना. "डॉक्टर, तुम्ही? कधी?"

"तुम्ही घरी निघाल्यावर," ते म्हणाले. "मला वाटायचं, ब्लँकेटं धुलाईतूनच ओली येतात."

आधी धाकटी फिस्सकन हसली, मग मामा, मग आम्ही सगळेच. इतके हसलो, की समोरच्या मौनातल्या दोघांचं आठ दिवसांचं मौन सुटलं. आजी मात्र मेरू पर्वतासारख्या ढळल्या नाहीत.

साहेब आले ते टाकीवाल्याला घेऊनच. भाचीने त्यांना सरासरी सांगितली. रेघेच्या कुठल्या कुठे वर.

"चादरी मोजल्या म्हणजे काय?" ते तडकले. "ते कामच आहे त्यांचं! उद्या कापसाच्या बोळ्यांचे गुण लावशील."

"मामा."

"काय?" ढकलमामा सवयीने म्हणाले.

"तुम्ही नाही. मामा, आई आजारी होती तेव्हा तुम्ही आमच्याकडे राहायला आला होतात. दिवसातून दहादा म्हणायचात, टाकी भरली का बघून येतो, आणि गच्चीवर जायचात. आठवतं?"

साहेब डगल्याची बटणं चाचपू लागले.

"आपली टाकी आपोआप भरायची, मामा. तिला मोटार होती."

साहेबांनी टाकीवाल्याकडे बघितलं. त्याला वाटलं टाकीबद्दलच चाललंय, म्हणून तो उत्साहाने म्हणाला, "साहेब, हिलाही मोटार आहे." साहेबांनी त्याला हाताने थांबवलं. मग चादरींच्या खोलीचं दार उघडून त्यांनी आत डोकावलं, फळीवरच्या ब्लँकेटावर हात फिरवला, आणि हात आपल्या डगल्याला पुसला.

"हिला आतून कडी का नाही?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. कडी बसली, एक स्टूल आलं, दिवा बदलला. साहेबांनी हौसेने दारावर लावायला पाटीही रंगवून आणली, 'शांतता कक्ष'. धाकटीने ती वाचून किंकाळी फोडली आणि ढकलमामांनी पाटी उलटी करून त्यावर खडूने 'फार गर्दी' असं लिहिलं. मी निवृत्त झाले तोवर तीच पाटी होती, आणि तो खडू कुणी पुसला नाही.

माशांची टाकी साहेबांनी स्वतःच्या दालनात ठेवली. मासे त्यांना मानवले. एक केशरी मासा तर त्यांच्या मागे काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहायचा, असं ते अभिमानाने सांगायचे.

पुढे बऱ्याच दिवसांनी एका दुपारी ते एकटेच खाली आले. हवा पडलेली होती. ते माझ्या टेबलाशी उभे राहिले, टाचणी उचलली, ठेवली.

"सिस्टर," ते म्हणाले, "तो केशरी गेला."

"अरेरे."

"मासाच तो. मला काय धाड भरलीये." त्यांनी परत टाचणी उचलली. "म्हटलं, तुमच्या चादरी... या महिन्यात कुणी मोजल्यात का?"

"नाही साहेब," मी म्हटलं. "बऱ्याच राहिल्यात."

ते आत गेले. कडीचा आवाज आला. मी ढकलमामांना खुणेनेच चहा ठेवायला सांगितलं आणि दाराशी खुर्ची ओढून बसले, कुणी मध्येच येऊन त्यांचा हिशोब चुकवू नये म्हणून.